टवका की पोपडा? गाडीच्या रंगाविषयी वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात गाडीच्या रंगाविषयीची पत्रे बरीच होती. त्यांतले सहा प्रश्न घेतले आहेत. आधी शब्दांचा एक खुलासा करू, कारण गॅरेजमध्ये सगळ्यालाच ‘रंग गेला’ म्हणतात आणि मग उपाय चुकतो. खडी लागून मुगाएवढा तुकडा उडाला तर तो टवका. रंग कडेने सुटून पापुद्र्यासारखा निघत असेल तर तो पोपडा. टवका रस्त्यामुळे उडतो, पोपडा बहुतेक वेळा रंगकामातल्या चुकीमुळे सुटतो. खालची उत्तरे हा फरक धरूनच दिली आहेत.

गाडी घेऊन आठ महिने झाले, अकरा हजार किलोमीटर झाली. मुंबई-गोवा महामार्गावरून आठवड्यातून दोनदा जातो. बॉनेटच्या पुढच्या कडेवर मोजून सतरा टवके आहेत. शोरूमवाले म्हणतात, वॉरंटीत बसत नाही. हल्ली कंपन्या रंग पातळ मारतात का? (एक वाचक, चिपळूण)

वॉरंटीबद्दल शोरूमवाले खरे सांगतात. दगडाचा मार हा बाहेरून झालेला आघात धरला जातो आणि वॉरंटीच्या अटींत तो सहसा वगळलेला असतो. पोपडे निघत असते किंवा टवका नसताना आतून गंज फुगत असता, तर भांडायला जागा होती.

पातळपणाचे म्हणाल तर गाडीचा रंग मुळातच पातळ असतो. पत्र्यावर आधी फॉस्फेटची प्रक्रिया, मग विजेच्या टाकीत बुडवून चढवलेला साधारण २० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) गंजरोधक थर, त्यावर ३० मायक्रॉनच्या आसपास प्रायमर, मग १५ मायक्रॉनच्या आसपास प्रत्यक्ष रंग आणि वर ४० मायक्रॉनच्या आसपास क्लिअर, म्हणजे आपले पेंटर ज्याला लॅकर म्हणतात तो. एकूण १०० ते १२० मायक्रॉन. झेरॉक्सचा एक कागद जवळपास तेवढाच जाड असतो. त्यातही काही कारखाने आता प्रायमर वेगळा भाजत नाहीत. ओल्यावर ओले थर मारून सगळे एकदाच भाजतात, त्यामुळे जाडी आणखी थोडी घटते. तेव्हा तुमची शंका अगदीच निराधार नाही. पण सतरा टवक्यांचे मुख्य कारण जाडी नव्हे, वेग आणि कोन आहे.

दगडाचा मार वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ८० ऐवजी १०० किलोमीटरने गेलात की तीच खडी ५६ टक्के जास्त जोराने लागते. हल्लीच्या उंच गाड्यांचे नाक उभे असते, म्हणून दगड घसरून न जाता सरळ आदळतो. बॉनेटची पुढची कड, छपराची काचेवरची कड आणि आरशांच्या पाठी याच जागी टवके दाट का दिसतात, ते यावरून कळेल.

काम चालू असलेल्या पट्ट्यात खडीच्या डंपरमागे राहू नका. ताशी ८० ने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. समोरच्या गाडीने दिव्याचा खांब ओलांडल्यावर तुम्ही तिथे पोहोचेपर्यंत तीन सेकंद मोजून झाले पाहिजेत, म्हणजे ६५ मीटरांच्या वर अंतर राहते. टायरने उडवलेली खडी तेवढ्यात बहुधा खाली बसते. डंपरला ओलांडायचेच असेल तर लवकर बाहेरच्या लेनमध्ये या, अगदी मागे चिकटून वाट पाहू नका. गाडीला मूळ मापापेक्षा रुंद टायर घातले असतील तर तुमचीच चाके तुमच्या सिलवर, म्हणजे दारांखालच्या पट्टीवर, खडी मारतात. तिथे मडफ्लॅप लावणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय. बॉनेटला बांधायचा रेक्झिनचा ‘मुखवटा’ मात्र घेऊ नका. त्याखाली धूळ आणि पाणी अडकते आणि गाडी धावताना तो फडफडून क्लिअर घासतो.

आता सतरा टवके एकेक करून बघा. उन्हात, भिंग घेऊन. तळ राखाडी आणि मंद दिसत असेल तर प्रायमर किंवा गंजरोधक थर शाबूत आहे, घाई नाही. तळ चमकत असेल तर पत्रा उघडा पडला आहे. ओळखता येत नसेल तर मल्टिमीटर बीपवर ठेवा, एक टोक बॉनेटच्या आतल्या उघड्या बोल्टला आणि दुसरे टवक्याच्या तळाला अलगद टेकवा. बीप वाजला म्हणजे धातू उघडा आहे. चिपळूणच्या पावसाळ्यात असा टवका आठवडाभरात तांबूस होतो, त्यामुळे आधी तेच भरा. तुमच्या गाडीचे बॉनेट ॲल्युमिनियमचे असेल (लोहचुंबक चिकटणार नाही) तर तांबडा गंज येणार नाही, पण कडेने पांढरी भुकटी धरून रंग उचलला जातो. म्हणजे भरायचे तेही आहेतच.

टवके घरच्या घरी भरता येतात का? पेंटर म्हणतो, अख्खे बॉनेट रंगवावे लागेल. (एक वाचक, संगमनेर)

येतात. मुगाएवढ्या टवक्यांसाठी अख्खे बॉनेट रंगवणे आम्हाला तर तोट्याचेच वाटते. कारखान्यात रंग १४० अंशांच्या आसपास भाजलेला असतो. गॅरेजच्या बूथमध्ये ६० अंशांपुढे सहसा जात नाहीत, कारण गाडीत वायरी, रबर, प्लास्टिक सगळे बसलेले असते. तो कारखान्यातला रंग विनाकारण घासून काढायचा कशाला?

रंगाचा कोड आधी शोधा. तो ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर किंवा इंजिनाच्या कप्प्यातल्या पट्टीवर असतो. ‘पांढरा’ एवढे सांगून बाटली आणू नका. एकाच कंपनीचे पांढरे तीन-चार असतात. रंग आणि क्लिअर अशा दोन छोट्या बाटल्या आणि थोडा प्रायमर लागेल. शिवाय लाकडी टूथपिक, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मास्किंग टेप आणि १०००, २०००, ३००० नंबरचे वॉटर पेपर. बाटलीच्या झाकणाला असलेला ब्रश वापरू नका. तो टवक्यापेक्षा मोठा असतो आणि त्यानेच गोळा बसतो.

काम सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना करा. दमट हवेत करू नका. पाऊस पडत असताना लावलेला क्लिअर वाळताना हवेतली वाफ धरतो आणि पांढुरका होतो.

गाडी शाम्पूने धुऊन वाळवा. अल्कोहोल आणि पाणी समभाग करून टवका आणि भोवतीची दोन बोटे जागा पुसा, म्हणजे वॅक्स निघेल. मग मास्किंग टेप टवक्यावर दाबून झटक्यात ओढा. कड सुटलेली असेल तर ती आत्ताच निघू द्या. सैल कडेवर भरलेला रंग पहिल्याच धुण्यात निघतो आणि ‘टच-अप टिकत नाही’ असे लोक म्हणतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असते. तळाशी गंजाचा ठिपका असेल तर शिसपेन्सिलीच्या मागच्या रबराला १००० नंबरच्या पेपरची टिकली चिकटवा आणि पेन्सिल दोन बोटांत फिरवत फक्त तेवढाच ठिपका घासा. भोवतालच्या चांगल्या क्लिअरला स्पर्श नको.

पत्रा उघडा असेल तर प्रायमरचा पातळ ठिपका द्या आणि बाटलीवर लिहिला आहे तेवढा वेळ थांबा. लिहिलेले नसेल तर निदान दोन तास. मग रंगाची बाटली पूर्ण दोन मिनिटे हलवा. धातूचा चुरा असलेल्या रंगात तो चुरा तळाशी बसतो. हलवायचा कंटाळा केलात तर चंदेरी गाडीवर करडा ठिपका उमटतो. टूथपिकच्या टोकावर थेंब घ्या, टवक्याच्या मध्यावर टेकवा आणि त्याला आपोआप कडेपर्यंत पसरू द्या. ओढू नका, रंगवू नका. अर्ध्या-अर्ध्या तासाने असे दोन-तीन थर. रंग भोवतालच्या पातळीच्या किंचित खालीच थांबला पाहिजे, कारण वर क्लिअरला जागा हवी. चुकून जास्त लागला तर ओला असतानाच कापडाला थिनर लावून पुसा आणि पुन्हा सुरुवात करा. कारखान्याच्या क्लिअरला झटपट पुसलेल्या थिनरने काही होत नाही. पण पॅनेल पूर्वी एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंगाने रंगवलेले असेल तर तो विरघळेल. आधी आतल्या कडेवर थिनरचा बोळा फिरवून बघा. बोळ्याला रंग लागला तर एनसी, नाही लागला तर भाजलेला किंवा पीयू (पॉलियुरेथेन).

दुसऱ्या दिवशी क्लिअरचे दोन थर, तेही टूथपिकनेच, आणि या वेळी पातळीच्या जरासे वर येऊ द्या. मग आठवडाभर हात लावू नका. उंचवटा डोळ्याला खुपत असेल तरच पेन्सिलीला २००० ची टिकली लावून साबणाच्या पाण्यात तेवढाच उंचवटा सपाट करा, मग ३०००, मग हाताने रबिंग. लक्षात ठेवा, आजूबाजूला क्लिअर ४० मायक्रॉनच आहे आणि बॉनेटच्या कडेवर त्याहून कमी. आम्ही तर बहुतेकांना घासू नका असेच सांगू. हातभर अंतरावरून भरलेला टवका दिसतोच, पण गंज थांबलेला असतो आणि काम त्यासाठीच होते.

बंपर घासला म्हणून रंगवून घेतला. तीन महिन्यांत तळहाताएवढे पोपडे निघाले. पेंटर म्हणतो, प्रेशरने धुतल्यामुळे झाले. (एक वाचक, इचलकरंजी)

प्रेशरच्या पाण्याने पोपडा उचलला असेल, पण तो आधी सुटलेला होता म्हणून. नीट बसलेला रंग हातभर अंतरावरून, पंख्यासारख्या फवाऱ्याने धुतला तर निघत नाही. टवक्याच्या कडेवर नोझल अगदी जवळ नेणे मात्र चूकच.

पडलेला पोपडा टाकला नसेल तर पालथा करून बघा, सगळी हकिकत त्यावर लिहिलेली असते. त्याची मागची बाजू गुळगुळीत असेल आणि बंपरवर स्वच्छ काळे प्लास्टिक दिसत असेल, तर प्लास्टिक प्रायमर लावलाच नाही किंवा प्लास्टिक नीट घासले-पुसले नाही. बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो आणि या प्लास्टिकला काहीच सहज चिकटत नाही. बंपरच्या आतल्या बाजूला ‘पीपी’ ही अक्षरे उठवलेली सापडतील. पोपड्याच्या मागे जाड गुलाबीसर किंवा पिवळसर थर असेल तर पत्र्यासाठीची लांबी, म्हणजे खड्डे भरायची पुटी, बंपरवर भरली आहे. बंपर लवतो, ती लांबी लवत नाही, मग तडकते. आणि पारदर्शक पापुद्रा निघून खाली रंग तसाच असेल, तर रंग मारून क्लिअर मारायला फार उशीर केला किंवा मध्ये हात आणि धूळ लागली.

तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून पहिला प्रकार दिसतो. त्यावर वरून पुन्हा फवारा मारून उपयोग नाही. सुटत असलेला सगळा रंग काढलाच पाहिजे. पेंटरशी बोलताना कामाचा क्रम असा ठरवून घ्या: बंपर गाडीवरून उतरवायचा, साबणाच्या गरम पाण्याने धुवायचा, सिलिकॉन-वॅक्स काढणाऱ्या द्रावणाने दोन फडक्यांनी, एकाने लावत आणि दुसऱ्याने लगेच पुसत, साफ करायचा, जुना रंग ३२० नंबरने उतरवून उघडे प्लास्टिक राखाडी घासणीने एकसारखे मंद करायचे, पुन्हा पुसायचे, मग प्लास्टिक प्रायमरचा एक पातळ थर. हा थर जाड मारला तर तोच सुटतो, म्हणून ‘दोन हात जास्त मारतो’ म्हणाला तर नको म्हणा. डब्यावर लिहिलेल्या वेळेतच पुढचा थर गेला पाहिजे. वरच्या प्रायमरमध्ये आणि क्लिअरमध्ये लवचिकपणासाठीचे मिश्रण घालायला सांगा.

बंपरची आत वळलेली, न दिसणारी कडही त्याच वेळी रंगवायला सांगा. आठवड्याने तिथे ब्लेडने जाळीसारख्या उभ्या-आडव्या बारीक चिरा द्या, चिकटपट्टी दाबून ओढा. चौकोन जागेवर राहिले तर काम झाले. पैसे त्यानंतर पूर्ण द्यावेत. पेंटरही हे मान्य करील, जर त्याला आपल्या कामाची खात्री असेल.

सिरॅमिक कोटिंग केले की दगडाचे टवके पडत नाहीत, असे सांगितले गेले. टेफ्लॉन, सिरॅमिक आणि पीपीएफ यांत घ्यावे काय? (एक वाचक, पिंपरी-चिंचवड)

सांगणाऱ्याने चूक सांगितले. सिरॅमिकचा वाळलेला थर एक-दोन मायक्रॉनचा असतो. तो कठीण असतो, पाणी आणि मळ धरत नाही, पाखरांची विष्ठा चढायला वेळ लावतो, गाडी धुणे सोपे करतो. हे सगळे खरे. पण दोन मायक्रॉनने दगड अडत नाही. ‘टेफ्लॉन’ म्हणून शोरूममध्ये देतात ते प्रत्यक्षात पॉलिशच्या जातीचे असते आणि काही महिन्यांत धुऊन जाते. टवक्यांसाठी म्हणून त्यावर पैसे घालू नका.

दगड अडवते ती रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म, म्हणजे पीपीएफ. ती १५० ते २०० मायक्रॉनची असते, गाडीच्या सगळ्या रंगापेक्षा जाड, आणि रबरासारखी दबून मार गिळते. मात्र टीपीयूची (थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनची) घ्या. स्वस्तात मिळणारी पीव्हीसीची फिल्म उन्हात पिवळी पडते, कडक होते आणि काढताना तुकडे होतात. दुकानात हातभर तुकडा मागा आणि ताणून सोडा. टीपीयू मागे येते, पीव्हीसी ताणलेली राहते.

अख्ख्या गाडीला फिल्म लावायची गरज बहुतेकांना नसते. पुढचा बंपर, बॉनेट, आरशांच्या पाठी, चाकांमागचा सिलचा भाग, दारांच्या कडा आणि डिकीत सामान चढवताना घासते ती बंपरची वरची पट्टी, एवढे पुरे. बॉनेटचा पुढचा अर्धाच भाग झाकला तर खर्च वाचतो, पण फिल्मच्या कडेला मळाची रेघ धरते. पांढऱ्या गाडीवर ती दुरून दिसते. फिल्म गाडीवर ठेवून ब्लेडने कापणारा कारागीर नको, कारण ब्लेड क्लिअरमध्ये उतरते आणि ते तुम्हाला फिल्म काढल्यावरच कळते. मशीनवर आधी कापून आणलेली घ्या.

ताजे टवके आधी भरा, मग फिल्म. पॅनेल नुकतेच रंगवले असेल तर निदान महिनाभर थांबा. रंगातला थिनर अजून बाहेर पडत असतो आणि फिल्मखाली बुडबुडे धरतात. आणि रंगकाम कच्चे असलेल्या पॅनेलवर लावूच नका. काढताना रंग फिल्मबरोबर येईल.

टवका एक पावसाळा तसाच राहिला. आता भोवती रुपयाएवढा फुगवटा आला आहे. घर समुद्राजवळ आहे. (एक वाचक, मडगाव)

आता टूथपिकचे काम राहिले नाही. फुगवटा रुपयाएवढा दिसतो तेव्हा गंज रंगाखालून त्याच्याही पुढे सरकलेला असतो. सुटलेला रंग घट्ट कड लागेपर्यंत खरवडा. ८० नंबरने चमकता पत्रा येईपर्यंत घासा, मग १८० आणि ३२० ने कड अशी उतरती करा की बोट फिरवल्यावर पायरी लागू नये. खड्ड्यांत काळे ठिपके उरतात, त्यांवर फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक लावा आणि डब्यावरच्या सूचनेप्रमाणे धुऊन पूर्ण कोरडे करा. त्यावर लगेच, त्याच दिवशी, दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर. समुद्राच्या हवेत घासलेला पत्रा रात्रभर उघडा ठेवला तर सकाळी पुन्हा तांबूस झालेला दिसेल.

लांबी लागलीच तर इपॉक्सीच्या वर, उघड्या पत्र्यावर नाही. ती ओल धरते आणि सहा महिन्यांत फुगवटा परत येतो. गॅरेजमध्ये नेमके उलटे होते, कारण लांबी थेट मारली की एक दिवस वाचतो.

फुगवटा चाकाच्या कमानीच्या आतल्या ओठाला किंवा दाराच्या खालच्या शिवणीत असेल आणि तिथे टवका कधी नव्हताच, तर गंज आतून येतो आहे. दाराच्या खाली पाणी जायची भोके असतात, ती चिखलाने बुजतात. काडीने मोकळी करा. नाहीतर बाहेरून कितीही रंगवा, तो येतच राहणार. दर आठ-पंधरा दिवसांनी गाडीच्या खालून साधे पाणी मारा, कमानींच्या आत विशेष. मीठ धुऊन गेले की गंजाचा वेग बराच उतरतो.

टवक्यांसाठी विमा मागावा का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

वर्षभरात जमलेले टवके ही झीज धरतात, एक अपघात नव्हे. दावा बहुधा नाकारला जाईल. एखाद्या प्रसंगात खरेच पॅनेल खराब झाले तर हिशेब करा. धरा, रंगकामाचे एकत्र बिल ₹२०,००० आहे. त्यातला २५ टक्के माल, म्हणजे ₹५,००० धरून त्यावर ५० टक्के घसारा कापतात: ₹२,५००. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे ₹१,००० तुमच्याकडून. हातात ₹१६,५०० येतात. पण तुमचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, ५० टक्के असेल तर तो शून्यावर जातो आणि २०, २५, ३५, ४५ असे चढत पुन्हा ५० ला यायला पाच विनादाव्याची वर्षे लागतात. गाडीच्या नुकसानीचा मूळ हप्ता वर्षाला ₹८,००० धरला तर या काळात मिळून ₹१०,००० जास्त भरावे लागतात. म्हणजे खरा फायदा ₹६,५०० चा. बिल ₹१३,००० च्या आसपास असेल तर तोही उरत नाही. बोनस राखणारे जोडकलम घेतले असेल तर गणित बदलते. पॉलिसीच्या कागदावर ते वेगळ्या ओळीत छापलेले असते.